प्राचीन समाजावरील पाश्चात्त्य प्रभाव कसा तपासावा : सातवाहनकालीन दख्खनच्या पुराव्यांवरून

संग्रहालयातील पाट्यांवर, पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटन पुस्तिकांत ‘ग्रीक-रोमन प्रभाव’ हे दोन शब्द फार सहजपणे वापरले जातात. हा प्रभाव कोणी, कोणावर, कधी आणि कोणत्या वाटेने टाकला, हे मात्र त्या पाट्या क्वचितच सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला किंवा लेणी आणि संग्रहालये डोळसपणे पाहणाऱ्या वाचकाला असे विधान स्वतः तपासता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणादाखल सातवाहनकालीन दख्खन, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंतचा काळ घेतला आहे. या एकाच प्रदेशात शिलालेख, नाणी, खापरे, ब्राँझच्या वस्तू आणि परदेशी प्रवासवर्णन असा पाचही प्रकारचा पुरावा मिळतो. त्यातील पुष्कळसा भाग आजही महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहता येतो, हेही ही निवड करण्याचे एक कारण आहे.

विधान आधी नेमके करून घ्यावे

‘महाराष्ट्रावर रोमन संस्कृतीचा प्रभाव होता’ हे वाक्य खरेही ठरवता येत नाही आणि खोटेही ठरवता येत नाही, कारण त्यात तपासण्याजोगे काहीच नाही. त्याऐवजी ‘पैठण, तेर आणि नेवासे येथील मूर्तिकारांनी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत दोन साच्यांत माती दाबून पोकळ मूर्ती घडवण्याचे तंत्र भूमध्यसागरी प्रदेशाकडून घेतले’ असे वाक्य लिहिले, की लगेच कामाला लागता येते. अशा मूर्ती कोणत्या थरात सापडल्या, भूमध्यसागरी प्रदेशात हे तंत्र त्याआधी रूढ होते का, मूर्तींचे विषय कोणते आहेत आणि त्याच काळात भारतात इतरत्र हे तंत्र आढळते का, हे प्रश्न त्या वाक्यातूनच निघतात. म्हणून पहिली पायरी ही, की जे विधान तपासायचे आहे ते देणारा, घेणारा, काळ, वाट आणि घेतलेली गोष्ट या पाचही बाबी स्पष्ट होतील अशा रीतीने कागदावर उतरवावे. पाचांपैकी एखादी बाब भरता आली नाही, तर ती जागा रिकामी ठेवावी, पण अंदाजाने भरू नये.

‘पाश्चात्त्य’ या शब्दाबाबत येथेच सावध व्हायला हवे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाहून निघून भडोचला उतरणारा व्यापारी इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा आणि रोमन सत्तेचा प्रजाजन असे. आपण ‘पाश्चिमात्य’ आहोत, असे त्याच्या मनातही आले नसते. आज आपण ज्याला पाश्चात्त्य संस्कृती म्हणतो ती कल्पना फार नंतर, युरोपीय सत्तांनी ग्रीस आणि रोम यांना आपले पूर्वज मानले त्या काळात घडली. वसाहतकालीन अभ्यासकांनी भारतीय शिल्पात ग्रीक हात शोधला, तेव्हा एका अर्थाने ते स्वतःच्याच मानलेल्या पूर्वजांचा शोध घेत होते. म्हणून नोंद करताना ‘पाश्चात्त्य’ हा शब्द टाळून अलेक्झांड्रियाचा, इटलीतील कँपेनियाचा किंवा बॅक्ट्रियातील (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरातील) ग्रीकांचा, असा शक्य तितका नेमका उल्लेख करावा.

यामुळे आणखी एक घोटाळा टळतो. भारताशी ग्रीक-रोमन जगाचा संबंध दोन वेगळ्या वाटांनी आणि दोन वेगळ्या काळांत आला. पहिली वाट खुष्कीची होती. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये अलेक्झांडर सिंधूच्या खोऱ्यात आला आणि पुढे बॅक्ट्रियात व वायव्य भारतात ग्रीक राजांची राज्ये झाली. दुसरी वाट समुद्राची होती. इसवी सनापूर्वी ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त रोमन सत्तेखाली आणल्यावर तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांच्या आधाराने होणारा व्यापार फोफावला. दख्खनमधील मद्यकुंभ आणि ब्राँझची भांडी बहुधा दुसऱ्या वाटेने आली, तर नाण्यांवरील राजमुखाची पद्धत पहिल्या वाटेने, शक-क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या शक सत्ताधीशांच्या, हातून आली. या दोन्हींना एकाच ‘ग्रीक-रोमन’ मथळ्याखाली कोंबले, की पुढचा सगळा विचार बिघडतो.

आयात, नक्कल, रूपांतर आणि केवळ साम्य

विधान नेमके झाल्यावर प्रत्येक वस्तू या चारांपैकी कोणत्या गटात बसते, ते ठरवावे. सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकाडवजा जागा आहे. १९४० च्या दशकात तेथे ब्राँझच्या वस्तूंचा एक संच सापडला आणि त्यानंतर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने तेथे उत्खनन केले. त्या संचात स्थानिक घडणीच्या वस्तूंबरोबर पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी ब्राँझ मूर्ती, आरसा आणि मद्य ओतण्याचा पाश्चात्त्य घडणीचा सुरईवजा चंबू मिळाला. पॉसायडनची मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर मन भारावून जाते, यात शंका नाही. तरीही या मूर्तीने सिद्ध काय होते, हे शांतपणे विचारावे. ती भूमध्यसागरी प्रदेशात ओतलेली आहे, म्हणजे ती आयात आहे. किनाऱ्यापासून सह्याद्री ओलांडून आत असलेल्या एका व्यापारी गावापर्यंत अशा वस्तू पोहोचत होत्या, एवढे ती निःसंशय सांगते. पण ब्रह्मपुरीत कोणी पॉसायडनची पूजा करत होते, किंवा तेथील ओतारी त्या शैलीत मूर्ती घडवू लागले, असे दाखवणारी एकही वस्तू तेथे नाही. ती मूर्ती भेट म्हणून, शोभेची वस्तू म्हणून किंवा केवळ मौल्यवान धातू म्हणूनही आलेली असू शकते. आयात वस्तू संपर्क सिद्ध करते. तिच्यामुळे घेणाऱ्या समाजात बदल झाला, हे सिद्ध करण्यासाठी स्थानिक हाताने घडवलेली वस्तू दाखवावी लागते.

आता तेरचे उदाहरण पाहावे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. येथे आणि भोकरदन, ब्रह्मपुरी, तसेच तेलंगणातील कोंडापूर येथे भाजक्या मातीच्या छोट्या गोल चकत्या मिळाल्या आहेत. त्यांवर रोमन नाण्याचा ठसा उमटवलेला असतो, काहींवर सम्राट टायबेरियसच्या नाण्याची नक्कल ओळखू येते, आणि दोरा ओवण्यासाठी त्यांना भोके किंवा कान ठेवलेले असतात. येथे आयात नाही, कारण माती आणि हात दोन्ही इथलेच आहेत. ती नक्कल आहे आणि तिच्यात रूपांतरही आहे, कारण नाण्याचे चलनमूल्य बाजूला ठेवून त्याचे रूप गळ्यात घालण्यासाठी उचलले गेले. सोन्याची खरी रोमन नाणीही भारतात भोके पाडून किंवा कडी लावून दागिन्यासारखी वापरलेली सापडतात. रोमन सम्राटाचे मस्तक इथल्या माणसाला हवेसे वाटले, त्याच्या राज्याशी मात्र त्याला कर्तव्य नव्हते, असे या चकत्यांवरून म्हणता येते. माझ्या मते प्रभावाचा पुरावा म्हणून पॉसायडनच्या देखण्या मूर्तीपेक्षा या ओबडधोबड चकत्या कितीतरी मोलाच्या आहेत, आणि संग्रहालयात त्यांच्यापुढून लोक न थांबता निघून जातात याचे वाईट वाटते.

केवळ साम्य हा चौथा गट सर्वांत फसवा आहे. घंटाकृती स्तंभशीर्षे, पंख असलेले सिंह, पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी हे बेडसे, पितळखोरे, कार्ले येथे दिसतात आणि पाहणाऱ्याला लगेच इराण किंवा ग्रीस आठवतो. यातील काही रूपे पश्चिम आशियात फार जुनी आहेत आणि मौर्यकाळापासून भारतातही रुळलेली होती. कार्ल्याच्या पाथरवटाला ती आपल्या आधीच्या भारतीय पाथरवटाकडून मिळाली असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. म्हणून साम्य दिसल्यावर मधले दुवे शोधावेत. दोन टोकांमध्ये काही शतके आणि हजारो किलोमीटर मोकळे असतील आणि मधला एकही दुवा मिळत नसेल, तर ‘साम्य’ एवढीच नोंद करून पुढे जावे.

खापरांच्या बाबतीत आकारावर विसंबू नये

दख्खनमधील अनेक उत्खननांच्या अहवालांत ‘रोमन अँफोरा’, म्हणजे मद्य किंवा तेल वाहून नेण्याचे दोन कानांचे उंच कुंभ, यांची खापरे नोंदवलेली आहेत. १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झालेल्या नेवाशातही ती मिळाली. मात्र अलीकडच्या फेरतपासणीत, विशेषतः रॉबर्टा टॉम्बर यांच्या कामातून, भारतात अँफोरा म्हणून नोंदवलेली पुष्कळ खापरे वास्तविक मेसोपोटेमियाकडील निमुळत्या तळाच्या बिनकानी रांजणांची आहेत आणि त्यांतील बरीचशी रोमन व्यापाराच्या ऐन भरापेक्षा नंतरची आहेत, असे दिसून आले. फरक ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. मेसोपोटेमियाकडील रांजणाला आतून डांबराचा काळा लेप असतो आणि त्याला कान नसतात. कँपेनियाच्या कुंभाच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चकाकणारे कण दिसतात, तर कोस बेटाच्या पद्धतीच्या कुंभाचे कान दोन दांड्या जोडल्यासारखे असतात. अहवालातील छायाचित्रावरून निर्णय न देता मातीचे आणि लेपाचे वर्णन वाचावे. ते दिलेलेच नसेल, तर त्या खापराच्या आधारे काहीही ठामपणे लिहू नये.

याच संदर्भात पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूची हकीकत प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. इटलीतील आरेझोच्या पद्धतीची, काळ निश्चित माहीत असलेली तांबडी चकचकीत भांडी तेथे मिळाली आणि त्यांच्या आधारे दक्षिण भारतातील थरांना कालक्रम देता आला, ही मोठी कामगिरी होती. पण त्याच थरांत बारीक दातेरी चाकाने गोलाकार नक्षी उमटवलेल्या तबकड्याही होत्या, ज्यांना ‘रुलेटेड’ भांडी म्हणतात, आणि त्याही भूमध्यसागरी प्रदेशातून आल्याचे व्हीलर यांनी मानले. नक्षीचे तंत्र परके वाटले, म्हणून भांडेही परके ठरले. पुढे विमला बेगली यांनी या भांड्यांचा उगम भारतीय असल्याचे आणि त्यांचा आरंभ रोमन व्यापाराच्या आधीचा असल्याचे दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये वि. द. गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने मातीतील खनिजे तपासली, तेव्हा या भांड्यांच्या मातीचे नाते बंगालच्या किनारपट्टीशी, चंद्रकेतुगड आणि तामलुकच्या परिसराशी जुळले. जी भांडी ‘रोमन’ म्हणून अर्धे शतक पुस्तकांत वावरली, ती मुख्यतः भारताच्याच एका किनाऱ्यावरून दुसरीकडे जाणारा माल होती. जुना अहवाल वाचताना त्यातील ओळख नंतर कोणी पडताळली आहे का, हे आवर्जून शोधावे लागते ते यासाठीच.

लेण्यांतील यवन

कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ आणि स्तूपामागे अर्धवर्तुळात ७ असे ३७ खांब आहेत. यांतील अनेक खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी कित्येक दाते स्वतःला धेनुकाकट येथील यवन म्हणवतात; यवन हा मुळात ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या (टाकी), चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप आणि चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ व्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा धम्मदेवाचा मुलगा असून, आपण उत्तरेकडील दत्तामित्रीचे योनक, म्हणजे यवन, असल्याचे तो सांगतो.

या लेखांचा अर्थ लावताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न हा, की हे यवन खरोखर ग्रीक वंशाचे होते काय. इरिल आणि चिट ही नावे भारतीय वाटत नाहीत, पण सिहधय, धम्म, इंद्राग्निदत्त ही पूर्णपणे भारतीय वळणाची नावे आहेत. यवन हे विशेषण वंशदर्शक आहे, प्रदेशदर्शक आहे की व्यापारी समूहाचे नाव आहे, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि धेनुकाकट नेमके कोठे होते याबाबतही अनेक मते आहेत. त्यामुळे ‘कार्ल्याचे खांब ग्रीकांनी दिले’ असे न लिहिता ‘स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांनी दिले’ असेच लिहावे.

दुसरा प्रश्न असा, की त्यांनी काय केले. त्यांनी बौद्ध संघाला दान दिले, ते प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत कोरवले, आणि जे दिले ते धेनुकाकटचे इतर व्यापारी देत होते त्याच प्रकारचे होते. यवनाने दिलेला खांब शेजारच्या खांबापेक्षा ग्रीक दिसत नाही. म्हणजे येथे प्रभाव शोधायचाच असेल, तर तो दख्खनने यवनांवर टाकलेला आहे. विदिशेजवळ बेसनगरचा गरुडस्तंभ हेच सांगतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या अँटिअल्किडास या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस याने तो वासुदेवासाठी उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवले.

तिसरा प्रश्न काळ आणि प्रसंग यांचा आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन शक, यवन आणि पल्हव (पार्थियन) यांचा नाश करणारा असे आहे. त्याच डोंगररांगेतील १७ व्या लेण्याचा दाता योनक आहे. राजप्रशस्तीतील यवन शत्रू आणि दानलेखातील यवन उपासक हे दोन्ही खरे आहेत. त्यांपैकी एकच निवडून संपूर्ण समाजाची वृत्ती ठरवली, तर निष्कर्ष एकांगी होतो.

नाण्यांवर प्रभावाचा संपूर्ण प्रवास दिसतो

घेतलेली गोष्ट कशी बदलत जाते, हे शिकायचे असेल तर नाण्यांइतका चांगला शिक्षक नाही. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत, तर दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख आहे. ग्रीक अक्षरे लक्षपूर्वक वाचली, तर त्यांत ग्रीक भाषा नाही. ‘राजा क्षहरात नहपानाचे’ हेच प्राकृत शब्द ग्रीक लिपीत उतरवलेले आहेत. लिपी उरली होती आणि भाषा गेली होती. पुढच्या पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरेही वाचता येईनाशी झाली आणि मुखाभोवतीची निव्वळ नक्षी बनली. इसवी सन ४०० च्या सुमारास गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा प्रदेश जिंकून त्याच धर्तीवर चांदीची नाणी पाडली, तेव्हाही त्या नक्षीचे अवशेष राजमुखाभोवती टिकून होते. बॅक्ट्रियात ज्या लेखाला अर्थ होता, तो अशा रीतीने शतकांच्या प्रवासात काठावरची वेलबुट्टी होऊन राहिला.

सातवाहनांनी यातून काय घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. जिंकलेल्या शत्रूचे चलन वितळवून टाकण्याऐवजी त्यावर आपली मोहोर उमटवून ते चालू ठेवण्यात आले. सातवाहनांची स्वतःची नाणी बहुतांशी शिसे, पोटीन हा मिश्रधातू आणि तांबे यांची असत आणि त्यांवर हत्ती, चैत्य, उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली) असे. पण वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजमुख आले. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट हा स्तूप खणला, तेव्हा यज्ञश्रीचे असे एक नाणे मिळाले. मुखाची कल्पना क्षत्रपांमार्फत आली, पण ग्रीक अक्षरे सातवाहनांनी घेतलीच नाहीत. त्या जागी ब्राह्मीतील प्राकृत लेख आहे आणि मागच्या बाजूस दक्षिणेतील द्राविडी भाषेतील लेख आहे. नाणी तपासताना म्हणून चेहरा, लिपी, भाषा, चिन्ह, धातू आणि वजन या प्रत्येक अंगाची नोंद वेगळी करावी. एकाच नाण्यात ही अंगे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली असतात.

प्रभाव कोणावर, हे ग्रंथांतून पाहावे

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, जिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तिच्यात भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर असल्याचे सांगितले आहे. पैठणहून अकीक आणि तगरहून जाडेभरडे व तलम सुती कापड भडोचला जाई. भडोचला येणाऱ्या मालात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्या-चांदीची नाणी हे होते आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले व सुंदर दासी आणल्या जात. ही यादी वाचताना प्रत्येक वस्तूपुढे तिचा उपभोक्ता लिहून पाहावा. राजवाडा, बंदर आणि धनिक श्रेष्ठी एवढ्यांतच ती बहुतेक संपते. पैठणच्या आसपास ज्वारी पिकवणाऱ्या किंवा तगरला माग चालवणाऱ्या माणसाच्या जेवणात, देवघरात किंवा घराच्या बांधणीत या मद्यामुळे काही बदल झाल्याचे दिसत नाही. त्याच्या कापडाला मागणी वाढली असेल, आणि हाही परिणामच आहे, पण तो सांस्कृतिक नसून आर्थिक आहे. अहवालात या दोन्हींची सरमिसळ करू नये.

हे सारे वाचून प्रभाव नाकारण्याची पद्धत आपण शिकत आहोत, असा समज होऊ नये, म्हणून खोलवर गेलेल्या प्रभावाचेही एक उदाहरण देतो. भारतीय फलज्योतिषात होरा, केंद्र, द्रेष्काण, लिप्ता या संज्ञा आणि वराहमिहिराने दिलेली क्रिय, ताबुरि, जितुम ही राशींची नावे ग्रीकातून आलेली आहेत. एखादा शब्द योगायोगाने जुळू शकतो, पण एकाच शास्त्राच्या परिभाषेचा संपूर्ण संच तसा जुळत नाही, म्हणून हा पुरावा अतिशय भक्कम आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर हे ऋण उघडपणे मान्य करतो. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्या ठायी चांगले प्रतिष्ठित आहे आणि म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे तो बृहत्संहितेत म्हणतो. त्याचबरोबर या उसन्या चौकटीत नक्षत्रे, राहू-केतू आणि दशा यांची भर घालून भारतीय ज्योतिष्यांनी तिचे रूप पुरते बदलले. घेणे आणि बदलणे ही दोन्ही कामे ज्या समाजाने आत्मविश्वासाने केली, त्याचे वर्णन ‘प्रभावाखाली आला’ असे करणे मला अन्यायाचे वाटते. वाक्यात कर्ता म्हणून घेणाऱ्याला ठेवावे : अमुक समाजाने अमुक गोष्ट घेतली, अमुक सोडली आणि अमुक बदलली.

उलट दिशा न तपासता निष्कर्ष लिहू नये

प्रत्येक तपासात विरुद्ध दिशेच्या पुराव्यासाठी एक पान राखून ठेवावे. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची आहे, हे निश्चित. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. इजिप्तमधील बेरेनिके या तांबड्या समुद्रावरच्या बंदरात सेरापिसच्या मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी होती, आणि त्याच बंदरात सापडलेली बुद्धाची संगमरवरी मूर्ती २०२३ मध्ये जाहीर झाली. मात्र जी कसोटी पॉसायडनला लावली, तीच पाँपेईच्या मूर्तीलाही लावावी. तीही आयातच आहे, आणि एका मूर्तीमुळे रोमन कलेवर दख्खनचा प्रभाव पडला असे म्हणता येत नाही.

अभिमानामुळे निर्णय कसा वाहवतो, याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष बुद्धमूर्तीच्या वादात आहे. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे यांनी बुद्धाला मानवी रूप प्रथम वायव्येकडील गांधारमध्ये ग्रीक परंपरेतून मिळाले, असे मांडले. १९२७ मध्ये आनंद कुमारस्वामी यांनी मथुरेच्या यक्षमूर्तींकडे बोट दाखवून स्वतंत्र भारतीय उगमाची बाजू घेतली. आज दोन्ही केंद्रांत साधारण एकाच काळात, वेगवेगळ्या परंपरांतून ही मूर्ती घडली, असे बरेच अभ्यासक मानतात. गांधारच्या वस्त्रांच्या चुण्या आणि कोरिंथियन पद्धतीची पाने यांत भूमध्यसागरी वळण उघड आहे, पण उष्णीष (मस्तकावरील उंचवटा), मुद्रा आणि आसन यांचे मूळ भारतीय कल्पनांत आहे. फूशे किंवा कुमारस्वामी यांपैकी कोणाचेही वाक्य उद्धृत करताना ते कोणत्या राजकीय काळात लिहिले गेले, याची नोंद शेजारी करावी.

कामाला सुरुवात कशी करावी

सुरुवात कार्ल्यापासून करणे सोयीचे पडते. जाण्याआधी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडातील एमिल सेनार यांचे कार्ल्याच्या लेखांचे वाचन सोबत घ्यावे. नाशिकसाठी त्यांचेच वाचन आठव्या खंडात आहे. खांबांना दोन्ही बाजूंनी क्रमांक देऊन कच्चा आराखडा काढावा आणि दात्याचे नाव, गाव, विशेषण आणि दान या चार रकान्यांत प्रत्येक लेख भरावा. यवन आणि इतर दाते यांची तुलना मग आपोआप पुढे येते. लेख वाचताना विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकला, की अक्षरांच्या कडांची सावली पडून ती स्पष्ट दिसतात. अक्षरांत खडू भरू नये, पाणी लावू नये आणि कागद ठेवून घासू नये, कारण झिजलेल्या दगडाचे अशाने कायमचे नुकसान होते. त्यानंतर तेरच्या शासकीय संग्रहालयात मातीच्या चकत्या, साच्यातील मूर्ती आणि हस्तिदंती काम पाहावे, आणि शेवटी कोल्हापूरच्या ब्राँझ वस्तूंकडे जावे. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत सापडल्याचे ठिकाण, थर, उत्खननाचे वर्ष आणि आपण ठरवलेला गट लिहावा. पाटीवर सापडल्याचे ठिकाण नसेल, तर अभिरक्षकांकडे नोंदवहीतील क्रमांक विचारावा आणि तो मिळेपर्यंत गटाचा रकाना पेन्सिलीने भरावा.